रिमोट टीम म्हणते ‘आम्हाला काहीच कळत नाही’, तेव्हा लीडने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौदा-पंधरा जणांची टीम, निम्मे पुण्यात पण घरूनच काम करणारे, चार-पाच जण नाशिक, कोल्हापूर, सातारा असे आपापल्या गावी, दोघं बंगळुरूला आणि क्लायंट न्यू जर्सीत. रोज स्टँडअप (कोण काय करतंय याची छोटी मीटिंग) होतो, महिन्याला टाऊनहॉल (सगळ्यांची एकत्र सभा) होतो, चॅटवर ढीगभर ग्रुप आहेत, तरी सर्व्हेमध्ये टीमने लिहिलं की ‘वर काय चाललंय ते आम्हाला कळत नाही’, आणि मधल्या काळात दोन चांगली माणसं राजीनामा देऊन गेली. लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, विचारतायत की आता आठवड्याला अजून एक मीटिंग लावू का, आणि शेवटी असंही की मलाच वरून काही कळत नाही तर टीमला काय सांगू.

मीटिंग लावू नका, हे आधी सांगते. मी बरीच वर्षं अशा विखुरलेल्या टीम सांभाळतेय आणि आता दुसऱ्यांच्या टीमना याच कामात मदत करते, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसतं ते हेच की माहिती भरपूर असते आणि कारणं गायब असतात. टीमला कळतं की रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती द्यायची तारीख, पुढे गेला. का गेला, कोणी ठरवलं, दुसरा काही पर्याय होता का, पुन्हा पुढे जाईल का, हे कोणी सांगत नाही. मग माणूस आपलं आपण कारण शोधतो, आणि घरी एकट्याने बसून शोधलेलं कारण बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतं. ‘रिलीज पुढे गेला’चं दोन दिवसांत ‘प्रोजेक्ट रॅम्प डाऊन होतोय’ (माणसं कमी करतायत) होतं, चौथ्या दिवशी ‘आपण बेंचवर’ (प्रोजेक्टविना बसून) होतं, आणि बेंचचं नाव निघालं की लोक नोकरी डॉट कॉमवर आणि लिंक्डइनवर प्रोफाईल अपडेट करायला घेतात. तुम्हाला हे कळतं तेव्हा हातात राजीनाम्याचा मेल असतो.

ऑफिसमध्ये हे इतकं जाणवायचं नाही कारण तिथे माहिती आपोआप झिरपायची. मॅनेजर कॅबिनमधून कसला चेहरा करून बाहेर आला ते सगळा फ्लोअर बघायचा, टपरीवर चहा पिताना शेजारच्या टीमचा कोणीतरी सांगायचा की अरे तुमच्या क्लायंटचा माणूस बदललाय, लिफ्टमध्ये दोन वाक्यं कानावर पडायची. लीडने यातलं काहीच केलेलं नसायचं, पण त्याचं श्रेय त्याला मिळायचं आणि त्याला वाटायचं आपली टीम वेल इन्फॉर्म्ड आहे. रिमोट झाल्यावर ती झिरप बंद झाली. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतला आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांचा ईमेल, चॅट, कॉल वगैरेंचा डेटा तपासला होता, तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं की सगळे रिमोट गेल्यावर लोक आपापल्या घट्ट गटातच जास्त बोलायला लागले, गटागटांना जोडणारे दुवे कमी झाले, आणि समोरासमोरचं किंवा कॉलवरचं बोलणं कमी होऊन मेल-मेसेज वाढले. म्हणजे मेसेज वाढले आणि तरी भिंती वाढल्या.

आणि यात सगळ्यात शेवटी कळतं ते लीडलाच, कारण त्याच्याकडे माहिती येतच असते. क्लायंट कॉल, डिलिव्हरी रिव्ह्यू, एचआरचा कॉल, सगळीकडे तो असतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरलेली दिसली म्हणून तळमजल्याच्या नळाला पाणी येतंय असं होत नाही, खाली उतरून नळ सोडून बघावा लागतो. तुमच्या टीममधला सगळ्यात नवीन मेंबर कोण असेल त्याला फोन करा आणि विचारा, ‘गेल्या महिन्यात आपण कुठले मोठे निर्णय घेतले आणि का?’ त्याला उत्तर देता आलं नाही तर तो कमी पडला असं समजू नका, तो नळ कोरडा आहे एवढं समजा.

आता करायचं काय. माझं म्हणणं एकच आहे, निर्णय कारणासकट लिहायचे, एकाच ठिकाणी लिहायचे आणि लीडने स्वतः लिहायचे. बाकी सगळं मी यातूनच काढते. ऐकायला सोपं वाटतं, करताना अवघड जातं, कारण आपल्याकडे लीडला बोलायची सवय असते, लिहायची नसते, आणि ‘मिनिट्स’, म्हणजे मीटिंगची नोंद, लिहिणं हे ज्युनिअरचं काम समजतात. ज्युनिअरने लिहिलेल्या मिनिट्समध्ये काय ठरलं ते येतं, का ठरलं ते येत नाही, कारण ते त्यालाही माहीत नसतं.

नमुना देते, म्हणजे लांबी आणि सूर लक्षात येईल. समजा तुमचा रिलीज पुढे गेलाय. चॅनलवर असं टाका:

‘रिलीज १२ ऑगस्टऐवजी २६ ऑगस्टला. मी आणि क्लायंटच्या प्रॉडक्ट ओनरने सोमवारच्या कॉलवर ठरवलं. कारण, टेस्टिंगमध्ये काही केसेसमध्ये रिफंड दोनदा जातोय, दुरुस्तीला चार दिवस लागतील आणि पेमेंटचं पूर्ण टेस्टिंग पुन्हा करायला एक आठवडा. दुसरा पर्याय होता रिफंड तात्पुरता बंद ठेवून १२ लाच जायचं, तो घेतला नाही कारण सपोर्टला सगळे रिफंड हाताने करावे लागले असते. अजून माहीत नाही की क्लायंट सप्टेंबरचं काम यामुळे पुढे ढकलणार का. ते गुरुवारी कळेल, शुक्रवारी दुपारपर्यंत इथेच लिहितो. टीम साईझवर आणि बिलिंगवर परिणाम नाही.’

हे लिहायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. यातलं न घेतलेल्या पर्यायाचं वाक्य लोक गाळतात आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण टीममध्ये कोणीतरी असतोच ज्याला वाटत असतं की अरे रिफंड बंद ठेवून गेलो असतो की, यांना एवढं पण सुचलं नाही का. त्याला दिसतं की सुचलं होतं, विचार झाला होता, आणि सपोर्टच्या लोकांमुळे तो सोडला. त्याला निर्णय पटला नाही तरी चालतं, पण निर्णय घेणाऱ्यांवरचा त्याचा विश्वास टिकतो. ‘अजून माहीत नाही’ हे वाक्यही तसंच. बऱ्याच लीडना वाटतं की माहीत नाही म्हटलं की आपण कमी दिसतो, म्हणून पूर्ण चित्र येईपर्यंत ते गप्प बसतात आणि तोवर टीमने आपलं चित्र रंगवून पूर्ण केलेलं असतं. आणि शेवटची ओळ, टीम साईझ आणि बिलिंगची, लोक आधी तीच वाचतात. त्यांच्या डोक्यातला प्रश्न तोच असतो, फक्त विचारायची हिंमत नसते.

‘पण एवढं लिहिलेलं वाचतं कोण’ असं मला प्रत्येक लीड विचारतो. पहिले काही आठवडे खरंच कमी लोक वाचतात. त्यावर उपाय असा की तुम्हाला कोणी काही विचारलं आणि त्याचं उत्तर आधी लिहिलेलं असेल तर पुन्हा टाईप करत बसू नका, लिंक द्या. लिहिलेलं नसेल तर आधी तिथे लिहा आणि मग लिंक द्या. ज्या कंपन्या सुरुवातीपासून रिमोट आहेत त्यांनी हीच शिस्त लावून घेतली. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीची हँडबुक इंटरनेटवर कोणालाही वाचता येते, कंपनी कशी चालते, निर्णय कोण घेतं, सगळं तिथे आहे, आणि तिथला रिवाज असा की बदल करायचा तर आधी हँडबुकमध्ये करायचा, मग लोकांना सांगायचं. वर्डप्रेसवाली ‘ऑटोमॅटिक’ (Automattic) नावाची कंपनी आपल्या पी-टू नावाच्या अंतर्गत ब्लॉगवर चालते, तिथे चर्चाच लेखी होते म्हणून नंतर आलेल्या माणसालाही ती मागे जाऊन वाचता येते. एवढ्या मोठ्या पातळीवर तुम्हाला जायची गरज नाही, कॉन्फ्लुअन्ससारख्या नोंदींच्या टूलवर एक पान किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सवर एक ‘निर्णय’ नावाचं चॅनल पुरतं, अट एवढीच की तिथे गप्पा, वाढदिवस, गुड मॉर्निंग काही टाकायचं नाही.

यात एक मोठी गळती असते ती म्हणजे डीएम. लोक प्रश्न चॅनलवर विचारत नाहीत, लीडला पर्सनल मेसेज करतात, लीड बिचारा तत्परतेने उत्तर देतो, आणि तोच प्रश्न अजून पाच जणांना पडलेला असतो त्यांना काहीच मिळत नाही. प्रश्न खाजगी नसेल तर त्या माणसाला सांगा की चांगला प्रश्न आहे, मी उत्तर चॅनलवर टाकतो, तुझं नाव घेत नाही, आणि मग चॅनलवर लिहा, ‘एकाने विचारलं होतं की...’. नाव घ्यायचं नाही हे महत्त्वाचं. एकदा का लोकांना दिसलं की विचारल्यावर कोणाची शोभा होत नाही की हळूहळू ते स्वतःच चॅनलवर विचारायला लागतात. तुमच्याकडे चॅटसाठी स्लॅक असेल तर अ‍ॅनालिटिक्समध्ये किती मेसेज पब्लिक चॅनलमध्ये गेले आणि किती डीएममध्ये याचा वाटा दिसतो, तो अधूनमधून बघा.

आता आपल्या मराठी टीमबद्दल एक गोष्ट, ही जरा स्पष्टच बोलते. पुण्यातल्या पाच-सहा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, मराठीत असतो, त्यात मीम्स असतात, ट्रेकचे प्लॅन असतात आणि हळूहळू त्यात कामाच्या गोष्टीही ठरायला लागतात. ‘उद्या डेमो मीच देतो रे, त्याला नको देऊ, क्लायंटसमोर अडखळतो तो.’ बंगळुरूचे दोघं त्या ग्रुपमध्ये नाहीत, किंवा आहेत पण मराठी येत नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी कॉलवर कळतं की डेमो आपण देत नाहीये. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, पण त्यांच्या बाजूने बघितलं तर ही सरळ सरळ आतली आणि बाहेरची टीम आहे. मी मराठी बोलू नका असं अजिबात म्हणणार नाही, आपल्या भाषेत बोलल्याने जी आपुलकी येते ती रिमोट टीमला हवीच आहे. पण कामाचं काही ठरलं की त्याच क्षणी कोणीतरी म्हणायचं ‘हे चॅनलवर टाक’, आणि तिथे सगळ्यांना कळेल अशा भाषेत. लीड स्वतः त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असेल तर त्याने तिथे कामाबद्दल अक्षरही बोलू नये असं माझं मत आहे, कारण लीड बोलला की तो ग्रुप ऑफिशियल होतो.

‘हो सर’ हा असाच एक विषय. कॉलवर तुम्ही विचारता, ‘काही डाऊट? क्लिअर ना सगळ्यांना?’ आणि पंधरा म्यूट चौकटींमधून एक-दोन ‘येस सर’ येतात. याचा अर्थ क्लिअर आहे असा होत नाही, आपल्याकडे सिनिअरला सगळ्यांसमोर ‘नाही कळलं’ म्हणणं हे त्याच्या तोंडावर बोलण्यासारखं वाटतं, आणि गावाकडून काम करणाऱ्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलांना तर ते फारच जड जातं. अशांना लिहायची जागा द्या. मीटिंगच्या आधी एक डॉक्युमेंट उघडा, सगळ्यांनी पहिली काही मिनिटं शांतपणे वाचायचं आणि कॉमेंटमध्ये प्रश्न लिहायचे, मग बोलायचं. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोसनी २००४ पासून वरच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढून लेखी मेमो आणले आणि मीटिंगची सुरुवात सगळ्यांनी गप्प बसून तो वाचण्याने व्हायला लागली, त्याचीच ही छोटी आवृत्ती. मी हे जिथे जिथे लावलंय तिथे कॉलवर कधीच न बोलणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न सगळ्यात नेमके निघालेत.

वन-ऑन-वनमध्येही, म्हणजे एकेकट्याशी बोलताना, ‘कसं चाललंय, सगळं ठीक ना’ विचारून काही हाती लागत नाही, उत्तर ठीकच येतं. त्यापेक्षा ‘या पंधरवड्यात कुठला निर्णय तुला उशिरा कळला?’ असं विचारा. किंवा ‘टीममध्ये सध्या कुठली अफवा फिरतेय? कोणी सांगितली ते नको, काय आहे तेवढंच सांग.’ आणि कॅमेरा बंद ठेवू द्या, फोनवर चालता चालता बोलू द्या. एका खोलीत आईवडील, बायको, मूल आणि मागे कुकरची शिट्टी अशा घरातून माणूस काम करत असतो, त्याला कॅमेऱ्यासमोर मन मोकळं करायला सांगणं अवघड आहे.

वाईट बातमीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण बाकी सगळं नीट केलं आणि इथे चुकलं तर आधीचं सगळं जातं.

गिटलॅबचंच उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने रात्री डेटाबेसचं रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर सतत होणारी नक्कल) दुरुस्त करताना चुकीच्या सर्व्हरवरचा, म्हणजे लाइव्ह डेटाबेसचाच डेटा उडवला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले ४.५ जीबीच्या आसपास उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही वेळेला धड चालली नाही, शेवटी जवळपास सहा तास जुना स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) मिळाला त्यावरून साइट उभी केली. मधल्या सहा तासांचा काही डेटा कायमचा गेला. यात त्यांनी केलं काय, तर दुरुस्ती चालू असतानाच्या नोट्सचं गुगल डॉक जगाला उघडं केलं आणि काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. नंतर सविस्तर पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय चुकलं आणि का याचा अहवाल, छापलं, त्यात त्या इंजिनिअरचं नाव घेतलं नाही. कारण शोधताना ते माणसावर थांबले नाहीत, त्याच्या मागे गेले, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप आधीपासूनच फेल होत होता आणि तो फेल झाल्याचे ऑटोमॅटिक मेल रिसीव्हिंग सर्व्हर रिजेक्ट करत होता, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. हे मी प्रत्येक लीडला सांगते, कारण रिमोट टीममध्ये नेमकं हेच होतं, धोक्याची सूचना निघालेली असते, पोचलेली नसते. आणि ती पोचावी असं वाटत असेल तर ज्याने चूक केली त्याचं काय होतं हे बाकीचे टक लावून बघत असतात हे लक्षात ठेवा. त्याला कॉलवर सगळ्यांदेखत झापलंत तर पुढची सूचना तुमच्यापर्यंत येणार नाही.

याच्या उलट बेटर डॉट कॉम ही अमेरिकेतली गृहकर्ज देणारी कंपनी. डिसेंबर २०२१ मध्ये सीईओ विशाल गर्ग यांनी झूमवर एका छोट्या कॉलमध्ये सुमारे ९०० जणांना सांगितलं की या कॉलवर असाल तर तुमची नोकरी गेली. काही मिनिटांचा कॉल. तो रेकॉर्ड होऊन जगभर फिरला, नंतर त्यांना पद्धतीबद्दल माफी मागावी लागली आणि काही काळ बाजूला व्हावं लागलं. नोकरकपात कधीकधी टळत नाही, मी ते मानते. पण रिमोट माणसाला नोकरी गेल्याचं कळतं तेव्हा त्याच्या शेजारी कोणीच नसतं, लॅपटॉप बंद झाला की संपलं, म्हणून ते एकेकट्याला, त्याच्या स्वतःच्या मॅनेजरने, प्रश्न विचारायला वेळ ठेवून सांगायला हवं. आणि जे राहिलेत त्यांना त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, लेखी. राहिलेल्यांना रात्रभर अंदाज बांधत ठेवणं हे गेलेल्यांइतकंच वाईट वागवणं आहे.

आपल्याकडे याहून नेहमीची वाईट बातमी म्हणजे ‘ऑफिसला परत या’. मार्च २०२० नंतर कितीतरी जण पुण्यातली भाड्याची घरं सोडून गावी गेले, तिथे पोरांच्या शाळा घेतल्या, काहींनी घरं बांधायला काढली. आता वर चर्चा चालू आहे की आठवड्यातून तीन दिवस यायला लागणार, लीडला ती माहीत आहे, आणि तो म्हणतो फायनल झालं की सांगू. फायनल होतं मे महिन्यात आणि जूनच्या एक तारखेपासून या म्हणतात. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट वेगळं, शाळेचे प्रवेश कधीच उरकलेले, आईवडिलांचं काय करायचं तो प्रश्न आहेच. त्या माणसाला तीन महिने आधी नुसतं ‘असं काहीतरी शिजतंय, नक्की नाही, मोठा खर्च करणार असशील तर जरा थांब’ एवढं कळलं असतं तर त्याचे लाखभर रुपये आणि घरातली भांडणं वाचली असती. माहिती कधी सांगायची याचं माप कंपनीच्या कॅलेंडरवरून काढू नका, समोरच्याला त्या माहितीवर काहीतरी करायला किती वेळ लागेल त्यावरून काढा.

सगळं सांगता येत नाही हे मला मान्य आहे. कोणाचा पगार, कोणाचं आजारपण, चालू असलेली एचआरची चौकशी, हे सांगायचं नसतंच. कंपनी लिस्टेड असेल तर निकाल, अधिग्रहण वगैरे जाहीर न झालेल्या गोष्टी सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांमुळे बोलताच येत नाहीत. पण ‘मला यावर बोलता येत नाही, ३० तारखेनंतर येईल’ हे तर बोलता येतं ना? आणि त्या तारखेला सांगण्यासारखं काही नसलं तरी लिहायचंच, ‘अजून काही नवीन नाही, पुढचं १५ तारखेला’. ठरलेल्या दिवशी न चुकता आलेला असा कोरा अपडेटसुद्धा लोकांना धीर देतो. जे करायचं नाही ते म्हणजे माहीत असून ‘मला काही कल्पना नाही’ म्हणणं. दोन महिन्यांनी खरं बाहेर येतं आणि मग तुमचं प्रत्येक जुनं वाक्य लोक नव्याने तपासतात.

अप्रेझलचं थोडक्यात. रिमोट माणसाला कायम भीती असते की नजरेआड असल्यामुळे आपलं प्रमोशन जाणार, आणि ती उगाच नाही. शांघायच्या सीट्रिप या प्रवास बुकिंगच्या कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी कॉल सेंटरच्या लोकांवर प्रयोग केला होता, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली पण तेवढीच कामगिरी असताना त्यांना प्रमोशन मिळण्याचं प्रमाण मात्र घटलं. त्यामुळे हाईक आणि प्रमोशन कशावर ठरणार ते वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्या, मध्ये एकदा प्रत्येकाला सांगा की तू सध्या कुठे आहेस, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोणालाही आश्चर्याचा धक्का बसता कामा नये. बफर नावाच्या रिमोट कंपनीने २०१३ मध्ये सगळ्यांचे पगार जाहीर करून टाकले होते, सूत्रासकट. आपल्याकडे तुमच्या पातळीवर ते होणार नाही आणि करायलाही जाऊ नका, पण बँड (पगाराचे टप्पे) काय आहेत, रेटिंग कोण देतं, नॉर्मलायझेशनमध्ये (सगळ्या टीमची रेटिंग एका मापात बसवताना) काय होतं हे समजावून सांगायला कोणाची हरकत नसते, तेही बरेच लीड सांगत नाहीत.

वेळेबद्दल एकच गोष्ट. न्यू जर्सीच्या सकाळी ११ चा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेनऊला, थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. तो एक तास कायम आपल्या लोकांच्या जेवणातून जातो. क्लायंटला सांगा की हिवाळ्यात कॉल तुमच्याकडे सकाळी १० ला घेऊ, किंवा एक आड एक करू. कितीतरी क्लायंट लगेच हो म्हणतात, आजवर त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि जो कॉलला नव्हता त्याला निर्णय चॅनलवरून पूर्ण कळला पाहिजे, रेकॉर्डिंग ऐक म्हणायचं नाही, तासाभराचं रेकॉर्डिंग कोणी ऐकत नाही.

काही कंपन्या पारदर्शकता म्हणून लॅपटॉपवर स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर टाकतात, चॅटवर नावापुढचा ‘ऑनलाइन’ असल्याचा हिरवा ठिपका बघत बसतात. मला याचा मनापासून राग येतो. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने आपलं काम खालच्यांना दिसू देणं ही पारदर्शकता. खालच्यावर वरून नजर ठेवणं हा पहारा झाला, आणि पहाऱ्याखाली काम करणारा माणूस माहिती लपवायला शिकतो.

सुरुवात कशी करायची तर या आठवड्यात घेतलेले तीन-चार निर्णय वरच्या नमुन्यासारखे लिहा, मागचेही चालतील. मोठी घोषणा करू नका की आता आपण ट्रान्सपरन्सी आणतोय, लोकांनी अशा घोषणा खूप ऐकल्यात. दीड-दोन महिन्यांनी बघा, चॅनलवर तुमच्या पोस्टखाली कोणी विरोधी प्रश्न विचारलाय का. सगळे नुसते ‘लाइक’चे अंगठेच टाकत असतील तर अजून जमलेलं नाही. पहिला तिरका प्रश्न आला की त्याला सगळ्यांसमोर, न चिडता, पूर्ण उत्तर द्या, कारण पुढचे दहा प्रश्न येणार की नाही ते त्या एका उत्तरावर ठरतं.

राहिला तो प्रश्न जो तुम्ही शेवटी विचारलाय, की मलाच वरून काही कळत नाही तर मी टीमला काय सांगू. ही अडचण खरी आहे, मधल्या लीडची सगळ्यात मोठी हीच. टीमला तसंच सांगा की मी विचारलंय, उत्तर आलेलं नाही, अमुक तारखेला पुन्हा विचारणार आहे. आणि वर विचारताना ‘जरा अपडेट मिळेल का सर’ असं मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. असं लिहा: ‘सर, टीममध्ये चर्चा आहे की जानेवारीपासून प्रोजेक्ट कमी होणार. यातलं खरं काय आहे, मी त्यांना काय सांगू शकतो, काय सांगायचं नाही, आणि यावर पुढचं कधी कळेल? शुक्रवारी मला टीमसमोर काहीतरी बोलावंच लागेल, म्हणून गुरुवारपर्यंत उत्तर हवंय.’ हा मेल आजच पाठवा.